निनावी सुरांची नोंदवही

ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग इ. स. १९०२ मध्ये कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. गाणे संपता संपता ती आपले नाव इंग्रजीत पुकारते. पुष्कळांना हा बाईंचा ठसका वाटतो. परंतु त्यामागे व्यवहार होता. तबकड्यांची छपाई जर्मनीत हॅनोव्हर येथे होई. आवाज कोणाचा हे तेथील कारागिरांना कळावे व लेबलावर भलतेच नाव पडू नये, म्हणून ही घोषणा असे.

घरातील सीड्या संगणकात उतरवून घेण्याचे काम मी सध्या करीत आहे, आणि त्या घोषणेचे मोल मला आता कळते. सीडी ही स्वभावतः निनावी वस्तू आहे. फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी १९८० साली तिचे मानक ठरविले. १९८२ मध्ये ती जपानात विक्रीस आली. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घ्यावयाचे, इतका काटेकोरपणा त्या मानकात आहे. गाण्याचे नाव लिहिलेच पाहिजे, असे मात्र कोठे नाही. सीडीवरच्या अनुक्रमणिकेत ट्रॅक किती आणि कोणता कोठे सुरू होतो, एवढेच असते. नावे लिहिण्याची सोय १९९६ मध्ये झाली. ती सर्वांनी वापरली नाही.

मग संगणकाच्या पडद्यावर नावे उमटतात ती कोठून? ती रसिकांनी दिली आहेत. १९९० नंतरच्या दशकात टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांनी ‘सीडीडीबी’ नावाची सामायिक नोंदवही उघडली. ट्रॅकांच्या वेळांवरून प्रत्येक सीडीची एक खूणसंख्या काढीत. त्या संख्येपुढे एकाने नावे भरली की ती सर्वांस मिळत. पुढे हा लोकांच्या श्रमाचा साठा व्यापारी मालकीचा झाला. तेव्हा ‘फ्रीडीबी’ व ‘म्युझिकब्रेन्झ’ या खुल्या वह्या निघाल्या. पहिली २०२० मध्ये मिटली. दुसरी चालू आहे.

संगीताच्या फायलीतच नाव लिहिण्याची युक्ती एरिक केम्प यांनी १९९६ मध्ये काढली. एमपी३ फायलीच्या शेपटाला १२८ बाइटांची चिठ्ठी जोडावयाची. गाणे, कलावंत आणि अल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट. देवनागरीची त्यात सोय नव्हती. राग, ताल यांना स्वतंत्र रकाना नव्हता, आणि तबलजीला तर नव्हताच! १९९८ च्या सुधारणेने जागा वाढली, इतर लिप्याही आल्या. तथापि रकाने वाढले म्हणून ते भरले जातात असे नाही.

आज ‘फ्लॅक’सारख्या पद्धतीने सीडीवरील आवाज तिळमात्र न गमावता उतरविता येतो. हानी होते ती दुसरीकडे. फाइल झाली की सीडी माळ्यावर जाते, तिच्या डबीतील कागद रद्दीत. आणि तबल्यावर कोण होते, हार्मोनियम कोणाची, मैफल कोठली व कोणत्या साली झाली, हे त्या कागदावरच असते. ख्यातनाम गायकाचे नाव जग विसरणार नाही. साथीदाराचे नाव अशा एखाद्या चतकोर कागदाच्या आधारानेच उरते. म्हणून फायलींची नावे मी रागावरून ठेवतो आणि साथीदारांची नावे देवनागरीत आत लिहितो. ती लिहून होईपर्यंत डबीतला कागद टाकावयाचा नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळतो. ज्यांच्या घरी अशा डब्या आहेत, त्यांनीही तो पाळावा.