बोरघाटाचा मक्ता

१८५६ साली बोरघाटात लोहमार्गाचे काम सुरू झाले, तेव्हा मक्ता फेव्हिएल या इंग्रजाकडे होता; परंतु पोटमक्तेदारांकडून मजुरी वेळेवर हाती पडेना, म्हणून १८५९ च्या आरंभी मजुरांनी दंगा केला आणि त्याच साली त्याने मक्ता सोडला. उभ्या कड्यावर दोराला लोंबकळत पहारीने सुरुंगाची भोके पाडणारे, टोपल्यांनी भराव घालणारे जे हजारो स्त्रीपुरुष येथे खपले, ज्यांतले कितीतरी पटकीने दगावले, त्यांची नावे दप्तरात नसावीत हा मोठाच अन्याय होय. नवे मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल येताच अल्पावधीत निवर्तले. तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी मक्ता स्वतःच्या शिरावर घेऊन, अनुभवी व्यवस्थापकांकरवी, २५ बोगद्यांचा हा घाट १८६३ साली पुरा करविला.