तिसऱ्या नियमातली फट

५ एप्रिल १९९३. न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची अंतिम लढत. नॉर्थ कॅरोलायना ७३-७१ ने पुढे, जेमतेम वीस सेकंद उरलेली. नॉर्थ कॅरोलायनाचा फ्री थ्रो हुकला, मिशिगनच्या क्रिस वेबरने चेंडू मिळवला, पास द्यायला वळला, ऐनवेळी बेत बदलला आणि रोवलेला पाय फरफटवत पुढे निघाला. उघड उघड ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू हातात धरून नियमबाह्य पाऊल टाकणं. शिट्टी वाजली नाही.

काही क्षणांतच वेबरने टाइमआउट मागितला. मिशिगनकडे तो उरलाच नव्हता. टेक्निकल फाउल, सामना ७७-७१ ने हातचा गेला, आणि चर्चा वर्षानुवर्षं टाइमआउटचीच होत राहिली.

न वाजलेल्या शिट्टीचं मूळ बरंच जुनं आहे. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथ कंटाळलेल्या अठरा विद्यार्थ्यांसाठी बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ शोधत होते. रग्बीत माणसाला आडवा का पाडतात? तो चेंडू घेऊन पळतो म्हणून. मग पळूच दिलं नाही तर पाडायचं कारणच उरत नाही! अख्खा बास्केटबॉल या तर्कावर उभा आहे. १५ जानेवारी १८९२ रोजी त्यांचे तेरा नियम छापून आले. त्यांतला तिसरा सांगतो की चेंडू जिथे झेलला तिथूनच फेकायचा. मात्र वेगात धावताना झेललेला असेल आणि खेळाडू थांबायचा प्रयत्न करत असेल, तर त्याला सूट द्यावी.

सूट किती पावलांची, ते लिहिलेलं नव्हतं. प्रयत्न खरा की देखावा, हेही पंचानेच ताडायचं. याबद्दल नायस्मिथांना दोष देणं अन्यायाचं होईल. धावता माणूस जागच्या जागी खिळत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

जागेवर अडकलेल्या खेळाडूंनी लवकरच पळवाट काढली: चेंडू जमिनीवर आपटून स्वतःलाच पास द्यायचा. हाच ड्रिबल. १९२७ मध्ये नियम समितीने तो एका टप्प्यावर आणायचं ठरवलं, तेव्हा नायस्मिथांचेच शिष्य, कॅन्ससचे फॉग ॲलन यांनी प्रशिक्षकांची संघटना उभारून विरोध केला. ड्रिबल वाचला, आणि पंचांच्या डोक्याला नवा ताप झाला. पावलं मोजायची ती ड्रिबल संपल्यापासून. पण तो संपला कधी? चेंडू हातात विसावला तेव्हा. हा ‘विसावा’ सेकंदाच्या काही अंशांत घडतो. त्या वेळी पंचाने हात बघायचे की पाय?

एनबीएने २००९ मध्ये दोन पावलं सरळ लिहून टाकली, २०१७ मध्ये फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, त्याआधीचं, चेंडू हातात घेतानाचं ‘शून्य पाऊल’ही मान्य केलं. कॉलेजचं नियमपुस्तक मात्र पिव्होट फूटच्या (रोवलेल्या पायाच्या) जुन्या चौकटीलाच धरून राहिलं. खेळणारी मुलं एनबीए बघत वाढलेली, त्यांचे पाय त्याच तालावर पडतात. शिवाय मोसमभर पंच नेमतात त्या त्या कॉन्फरन्सचे, म्हणजे कॉलेजांच्या गटाचे, समन्वयक. मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत वेगवेगळ्या कॉन्फरन्सचे संघ समोरासमोर आले की एकाच्या सवयीचं पाऊल दुसऱ्याला गुन्हा वाटतं.

२०२५-२६ पासून पुरुषांच्या कॉलेज सामन्यांत प्रशिक्षकांना पंचांच्या काही निर्णयांना आव्हान देता येतं: चेंडू कोणाकडून बाहेर गेला, गोलटेंडिंग झालं का, वगैरे. ट्रॅव्हलिंग त्या यादीत नाही.