तारामतीपासून मित्रापर्यंत

त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला, तेव्हा तारामतीच्या कामासाठी बाई मिळाली नाही. ते काम अण्णा साळुंके यांनी केले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता हे दोघेही साळुंकेच होते. रंगभूमीवर त्याच सुमारास स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचे लुगडे नेसणे घरोघरच्या बायका गिरवत होत्या. पुरुषाने स्त्री होऊन पुरुषावर प्रेम करणे प्रेक्षकाला खटकत नव्हते, कारण ते सोंग होते आणि पडदा पडला की संपत होते. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक रंगमंचावर आल्या आणि स्त्रीपार्टाची प्रथा हळूहळू मागे पडली.

सोंगाला मिळालेली ही मोकळीक खऱ्या भावनेला मात्र मिळाली नाही. तरुणांचे प्रेम हा मराठी नाटकाचा हक्काचा विषय. नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांचे ‘प्रेमा तुझा रंग कसा?’ (१९६१) हे त्याचे खेळकर रूप. त्यात रुसवेफुगवे आहेत आणि आईबापांचा त्रागाही आहे, पण प्रेम मुलाचे मुलीवर आणि मुलीचे मुलावर.

ही चौकट विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’मध्ये मोडली. १९८१ मध्ये विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आले. सुमित्रा देव ऊर्फ मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. काळ स्वातंत्र्यापूर्वीच्या चाळीसच्या दशकातला, वातावरण कॉलेजचे. गोष्ट सांगतो बापू मराठे, मित्राचा बुजरा वर्गमित्र. पुरुषाबद्दल आपल्याला ओढ वाटत नाही हे मित्राला कळून चुकले आहे, आणि ते ती बापूला सांगते. कॉलेजच्या नाटकात तिच्या वाट्याला पुरुषाची भूमिका येते, समोर नमा देशमुख. साळुंके आणि बालगंधर्व यांच्या बाबतीत जे पडद्याबरोबर संपत असे, ते इथे संपत नाही. मित्रा नमाच्या प्रेमात पडते.

तेंडुलकरांचे मोठेपण असे की त्यांनी या प्रेमाला सोवळे नेसवलेले नाही. नमा मन्या दळवी या तरुणालाही धरून आहे. तिचे मन एका जागी ठरत नाही. मित्रा हट्टी आणि मालकी गाजवणारी. नमा सुटून जाईल या भीतीने ती तिला आणखी आवळत जाते. दोघींना भेटायला जागा नाही, म्हणून बापू आपली खोली देतो, आणि त्या क्षणापासून त्याची मैत्री गुंतत जाते. ज्याला सगळे ठाऊक आहे असा माणूस एकच, त्यामुळे सगळा भार त्याच्यावर. मित्राची पत्रे दळवीच्या हाती लागतात आणि प्रेमाचा पुरावा धमकीचे हत्यार होतो. शेवटी बापूही तिला तोडतो. मित्रा आत्महत्या करते, आणि तिच्यामागे बापूच्या वाट्याला अपराधीपणा उरतो.

हे नाते विषारी होण्याचे कारण दोन मुली एकमेकींवर प्रेम करतात हे नाही. एक खोली, एक साक्षीदार आणि पत्रांचा एक गठ्ठा यांवरच ते उभे आहे. यांतले काहीही ज्याच्या हाती पडेल, तो दोघींचा मालक होतो. मालकी, मत्सर आणि धमकी मुलामुलीच्या प्रेमातही असतात. पण तिथे मैत्रीण, बहीण, एखादी मावशी मधे पडू शकते. मित्राच्या बाबतीत मधे पडायचे तर आधी गुपित फोडावे लागते.

‘मित्राची गोष्ट’नंतर पुढच्याच वर्षी जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ या चित्रपटात (१९८२) महिलाश्रमातल्या दोन बायकांच्या जवळिकीचा प्रसंग आला. पटकथा तेंडुलकरांचीच होती. त्यानंतर सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या तरुणावर भाऊ तनय आणि बहीण अनुजा, दोघेही प्रेम करतात. तो अनुजाला घेऊन निघून जातो आणि पुढे तिलाही सोडतो. तनयला आपले दुःख घरात उघड करता येत नाही. कुंडलकरांनीच या कादंबरीवर केलेला हिंदी चित्रपट २०२२ मध्ये आला.

कायदा या साहित्याच्या बराच मागून चालला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे १८६० च्या दंडसंहितेतले कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ ला ते पुन्हा जिवंत केले आणि ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे संबंध त्यातून मोकळे केले. अठराच्या आतल्यांना हा निकाल लागू नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार शरीरसंबंधांना त्यांची संमती, मुलगा असो वा मुलगी, ग्राह्य धरली जात नाही. त्यांच्यातल्या कोणाला धमकी वा छळ सोसावा लागत असेल, तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक विनाशुल्क आहे.