अनुदानाच्या शर्यतीआधी

जैववैद्यकीय संशोधनाचा निधी कुठल्या विद्यापीठानं जास्त मिळवला, याची तुलना निघाली की बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचं नाव येतंच. मी मात्र आधी तिचा जन्म पाहतो. साल १९०९. जमशेटजी टाटांनी आपल्या मुंबईतल्या मिळकती तिच्यासाठी काढून ठेवल्या होत्या. म्हैसूर संस्थानानं ३७१ एकर जमीन दिली. १९२१ मध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग निघाला. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आला १९८६ मध्ये. तोवर इथली प्रयोगशाळा पासष्ट वर्षांची झाली होती! म्हणून निधीचे आकडे खरे असले, तरी ते नुसत्या हुशारीचे नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या विद्यापीठाला मागासलेलं म्हणण्याआधी एवढंच विचारा: त्याला सुरुवातीला कुणी, काय दिलं होतं?