डिस्क इमेज म्हणजे काय? बॅकअप घेतल्यावर तो तपासायचा कसा?

जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीमुळे मोर्णा नदीला पूर आला आणि अकोल्यातल्या सखल वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. भिजलेल्या गाद्या वाळवता येतात, पण पाण्यात बुडालेल्या कॉम्प्युटरमधले लग्नाचे फोटो आणि दुकानाचे हिशेब परत मिळतीलच असं नाही. अशा वेळी कामी येते ती डिस्क इमेज.

डिस्क इमेज म्हणजे काय?

नेहमीच्या कॉपी-पेस्टमध्ये फक्त निवडलेल्या फाइल्स जातात. डिस्क इमेजमध्ये विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग्ज आणि फाइल्स असं सगळंच येतं. त्यामुळे कॉम्प्युटर बंद पडला तर नव्या डिस्कवर सगळं जसंच्या तसं परत आणता येतं.

इमेज कशी बनवायची?

'रेस्क्यूझिला' हे मोफत सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून कॉम्प्युटर त्यावरून सुरू करता येतो. ते डिस्कचा वापरलेला भागच घेत असल्याने जागा वाचते. इमेज वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवरच ठेवा. 'रिस्टोअर' करताना समोरच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून डिस्कचं नाव दोनदा वाचा.

पडताळणी कशी करायची?

कॉपी होताना फाइल खराब झाली तरी तिचं नाव आणि आयकॉन तसाच दिसतो. इथे 'हॅश' उपयोगी पडतो. एसएचए-२५६ पद्धतीत फाइल कितीही मोठी असली तरी तिच्यासाठी ६४ अक्षर-अंकांची एक ओळ तयार होते. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी ही ओळ पार बदलते.

'सेव्हन-झिप' टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून हॅश काढता येतो. तो वहीत लिहून ठेवा आणि कॉपी केल्यावर पुन्हा काढा. दोन्ही ओळी जुळल्या तर कॉपी बिनचूक आहे.

तुकडे का करायचे?

अनेक पेन ड्राइव्ह 'फॅट-३२' पद्धतीचे असतात आणि त्यांत ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर २ जीबीची मर्यादा आहे. सेव्हन-झिपमध्ये ४०९२ एमबीचे तुकडे करायचा पर्याय तयारच असतो. ३२ जीबी कार्डच्या पूर्ण इमेजचे साधारण ८ तुकडे होतात. जोडताना '००१' नावाचा पहिला तुकडा उघडायचा. एकही तुकडा हरवला तर इमेज पूर्ण होत नाही, म्हणून जोडल्यावर पुन्हा हॅश जुळवा.

कोर्टात याचं महत्त्व काय?

२०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात उमेदवारी अर्ज भरतानाचं व्हिडिओ चित्रीकरण पुरावा म्हणून आलं होतं. त्या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार द्यायच्या प्रमाणपत्रात हॅशही लिहावा लागतो.

शेवटी काय लक्षात ठेवायचं?

एक प्रत अकोल्यातल्या घरी असेल तर दुसरी अमरावतीच्या नातेवाइकांकडे ठेवा. एकाच पुरात दोन्ही बुडायला नकोत. आणि जुन्या, रिकाम्या डिस्कवर एकदा रिस्टोअर करून बघा. हॅश जुळला म्हणजे प्रत बरोबर आहे एवढंच कळतं. कॉम्प्युटर त्यावरून खरंच सुरू होतो का, ते करून पाहिल्यावरच समजतं.