शेपटीतली पेटी, पाठीवरची तार

११ मार्च १९६७ रोजी ओरेगॉनमधल्या पोर्टलंडहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक छोटं सेस्ना विमान उत्तर कॅलिफोर्नियातल्या ट्रिनिटी डोंगरात कोसळलं. आत तिघं होते: नवरा-बायको आणि बायकोची सोळा वर्षांची मुलगी. तिघंही अपघातातून वाचले. शोध घेऊन झाला, हाती काही लागलं नाही आणि शोध थांबवण्यात आला. नवरा मदत आणायला बर्फातून निघाला, तो परतलाच नाही. मुलीनं रोजनिशी ठेवली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विमानाचे अवशेष सापडले, तेव्हा त्या रोजनिशीवरून कळलं की मायलेकी अपघातानंतर सात आठवड्यांहून अधिक काळ जिवंत होत्या.

या रोजनिशीनं अमेरिका हादरली. हवाई दलातल्या वैमानिकांसाठी आपोआप हाक देणारी छोटी प्रक्षेपक यंत्रं तेव्हा अस्तित्वात होती. खासगी विमानांत ती बसवण्याची सक्ती मात्र नव्हती. ही सक्ती व्हावी म्हणून कोलोरॅडोचे सिनेटर पीटर डॉमिनिक यांनी जोर लावला आणि डिसेंबर १९७० मध्ये कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्याला जोडून ती तरतूद मंजूर झाली. विमानवाल्यांना तयारीसाठी काही वर्षांची मुदत मिळाली. त्या मुदतीतच, १६ ऑक्टोबर १९७२ रोजी, अमेरिकी प्रतिनिधीगृहातले बहुमतवाल्या पक्षाचे नेते हेल बॉग्स आणि अलास्काचे खासदार निक बेगिच यांचं विमान अँकरेजहून जुनोला जाताना नाहीसं झालं. ३९ दिवस शोध चालला. ते विमान आजतागायत सापडलेलं नाही.

कायद्यानं आणलेल्या या यंत्राला वैमानिक नुसतं 'ईएलटी' म्हणतात. एक पेटी, तिच्यात बॅटरी आणि जोराचा धक्का बसला की आपोआप चालू होणारी कळ. सुरुवातीच्या पेट्या १२१.५ आणि २४३ मेगाहर्ट्झवर एकसारखा वरून खाली घसरणारा सूर सोडत. ताकद एका वॉटच्या दहाव्या भागाएवढी. वरून जाणाऱ्या एखाद्या विमानानं तो ऐकला तर ऐकला. पेटी कुठे बसवायची हे नियमानं स्पष्ट सांगितलं: जमेल तितकी मागे, शेपटीकडे. कारण साधं आहे. विमान बहुतेक वेळा नाकावर आपटतं आणि शेपटीचा भाग त्यातल्या त्यात शाबूत राहतो.

अँटेनाबद्दल मात्र नियम एवढा ठाम नव्हता. कारखान्यात तयार होणाऱ्या सेस्ना-पायपरचा प्रश्न आपोआप सुटला: केबिनच्या मागे, धडाच्या पाठीवर, उघड्या हवेत एक तार. खरा गुंता झाला तो घरी विमान बांधणाऱ्यांचा.

पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन काढली, तेव्हापासून अमेरिकेत गॅरेजमध्ये विमान बांधण्याची मोठी परंपरा उभी राहिली. अशा विमानांना प्रायोगिक प्रमाणपत्र मिळतं; बहुतेक सुट्या भागांना कारखान्याची मोहोर लागत नाही. ईएलटीची सक्ती मात्र त्यांनाही आहे. सूट मिळते ती एकआसनी विमानाला. म्हणजे पेटी प्रमाणित घ्यायची आणि अँटेनाची जागा बांधणाऱ्यानं स्वतःच्या अकलेनं ठरवायची, असा हा प्रकार झाला. विमान बांधणाऱ्याचं मन कशात गुंतलेलं असतं? वेगात आणि रूपात. वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत केलेल्या पाठीवर भोक पाडून वाऱ्यात थरथरणारी तार उभी करायची म्हटलं की त्याच्या जिवावर येतं.

त्यातून अँटेना लपवण्याच्या तऱ्हा निघाल्या. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या आरव्ही मालिकेतली दहा हजारांहून अधिक विमानं जगभरात उडाली आहेत. ती पत्र्याची. पत्र्याच्या धडाच्या आत ठेवलेली अँटेना जवळपास मुकीच होते, म्हणून कोणी ती शेपटीच्या मुळाशी असलेल्या फायबरग्लासच्या आवरणाखाली आडवी वाकवून घातली, कोणी सीटमागे सामानाच्या जागेत काचेच्या छताखाली उभी केली. बर्ट रुटन यांची १९७५ ची व्हॅरीईझ आणि नंतरची लाँग-ईझी फोम आणि फायबरग्लासची होती. फायबरग्लासमधून रेडिओलहरी आरपार जातात. त्यामुळे त्या बांधकामात तांब्याच्या पट्ट्यांच्या रेडिओ अँटेना कवचाच्या आतच चिकटवण्याची पद्धत रुळली आणि ईएलटीची तारही आतच ठेवली तर काय बिघडलं, असं अनेकांना वाटू लागलं. पुढे कार्बन फायबर आलं. ते दिसायला फायबरग्लासचं भावंड, पण वीजवाहक. त्याच्या आड अँटेना ठेवणं आणि पत्र्याच्या डब्यात ठेवणं यात फारसा फरक नाही.

इथे थोडं तंत्र समजून घ्यायला हवं, कारण सगळा वाद त्यावरच उभा आहे. उभी तार नीट काम करते ती लहरीच्या लांबीच्या पाव हिश्श्याची असली तर. १२१.५ मेगाहर्ट्झसाठी हा हिस्सा ६१-६२ सेंटिमीटर भरतो, ४०६ मेगाहर्ट्झसाठी जेमतेम साडेअठरा. शिवाय तारेच्या मुळाशी, चहूबाजूंना, साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत धातूचा पृष्ठभाग लागतो. पत्र्याच्या विमानात तो आयता मिळतो. फायबरग्लासच्या विमानात जाणकार बांधणारा कवचाच्या आतून अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पट्ट्या चांदणीसारख्या पसरवून चिकटवतो आणि मधोमध अँटेनाचा पाया बसवतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते टाळलं तर तार दिसायला असते, पण तिच्यातून निघायला हवी तेवढी हाक निघत नाही. तार आडवी वाकवली की लहरींची दिशाही बदलते.

याहून मोठा धोका मात्र केबलमध्ये आहे. पेटी शेपटीत आणि अँटेना कॉकपिटच्या छताखाली असेल, तर दोघांमधली केबल नेमकी त्या जागेवरून जाते जिथे धड मोडतं. पेटी शाबूत, अँटेना शाबूत, आणि मधली केबल तुटलेली! पाठीवर उघडी असलेली तार विमान उलटल्यावर मोडते, हा आक्षेप खरा आहे. पण कॉकपिटचं छतही उलटल्यावर चिरडतंच. म्हणून जुने जाणते बांधणारे सांगतात ते पटतं: पेटी आणि अँटेना धडाच्या एकाच भागात, एकमेकांजवळ ठेवा, आणि केबलला थोडी ढील द्या.

हे किती खरं आहे ते ९ ऑगस्ट २०१० रोजी अलास्कातल्या आलेकनागिकजवळ दिसलं. माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स यांना घेऊन निघालेलं ऑटर विमान डोंगराला धडकलं. नऊपैकी पाच जण दगावले, त्यांत स्टीव्हन्सही होते. ईएलटी धक्क्यानं चालू झाली होती. पण पेटी आपल्या बैठकीतून निखळली आणि अँटेनाची केबल तिच्यापासून सुटली. त्यामुळे हाक विमानाबाहेर पोचलीच नाही. बचावलेले चौघं ढिगाऱ्यात थांबून राहिले. विमान वेळेवर पोचलं नाही म्हणून चौकशी सुरू झाल्यावरच शोध लागला. पेटी बैठकीवर धरून ठेवणारा पट्टा चिकटबंदाचा, म्हणजे व्हेल्क्रोच्या जातीचा होता. या अपघातानंतर अमेरिकी यंत्रणांनी अशा पट्ट्यांचे नियम कडक केले.

२०१५ च्या उन्हाळ्यात नासानं व्हर्जिनियातल्या लँगली केंद्रात तीन जुनी सेस्ना १७२ विमानं उंच लोखंडी सांगाड्यावरून मुद्दाम जमिनीवर आपटली. याच सांगाड्याखाली कधीकाळी अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर उतरण्याचा सराव केला होता. विमानांत निरनिराळ्या ईएलटी, अँटेना आणि केबली बसवल्या होत्या. पेटी नेमकी कशावर बांधली आहे आणि केबल कशी ओढली आहे यावर जगण्या-मरण्याचा निकाल लागतो, हे त्यातून प्रयोगानं समोर आलं.

दरम्यान हाक ऐकणारेही बदलले होते. अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी शीतयुद्धाच्या ऐन भरात एकत्र येऊन 'कोस्पास-सारसॅट' ही उपग्रहयंत्रणा उभारली. ३० जून १९८२ रोजी पहिला सोव्हिएत उपग्रह वर गेला आणि सप्टेंबरातच कॅनडात कोसळलेल्या एका छोट्या विमानातले तिघं त्याच्या मदतीनं सापडले. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ मेगाहर्ट्झ ऐकणं बंद केलं. आता ते ४०६ वर ऐकतात. नवी पेटी दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा, पाच वॉटचा संदेश सोडते आणि त्यात त्या विमानाची ओळख असते; १२१.५ चा क्षीण सूर उरला आहे तो जवळ पोचलेल्या शोधपथकासाठी. भारतात हे संदेश बेंगळुरू आणि लखनौच्या केंद्रांत उतरतात.

घरी विमान बांधण्याचं वेड महाराष्ट्रालाही अनोळखी नाही. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनांचं विमान बांधलं, ते २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं आणि पुढच्या वर्षी त्याची सरकारदरबारी नोंदणीही झाली. उद्या कुणी मराठी तरुण किंवा तरुणी त्या वाटेनं जाईल, तेव्हा रंगाचा शेवटचा हात देण्याआधी अँटेनाची जागा ठरवावी: बाहेर, उभी, शेपटीकडे, पेटीच्या जवळ, पायाशी धातूच्या पट्ट्या घालून. आणि पेटीचा क्रमांक आपल्या नावावर नोंदवून घ्यावा. नोंदणी नसेल तर संदेश पोचतो, पण तो कुणाचा आणि कुणाच्या घरी फोन करायचा हे केंद्रातल्या माणसाला कळत नाही.