लाकडाच्या लगद्यापासून खाऊच्या वेष्टनापर्यंत

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात खाण्याच्या वस्तू बांधून देण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे झाडाचे पान. बदलापूरच्या डोंगरातून येणाऱ्या ठाकूर, कातकरी बायका जांभळे, करवंदे पळसाच्या द्रोणात विकत. काडी टोचून लावलेला द्रोण मातीत पडला की कुजून जाई. मात्र पान वाळले की तडकते आणि पावसाळी दमटपणा अडवत नाही.

फाळणीनंतर कल्याण कॅम्प या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली. 1949 मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पापड, मिठाई, गोळ्या-बिस्किटे असे घरगुती उद्योग तिथे उभे राहिले. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पापड कडक ठेवायचा तर पान किंवा रद्दी पुरत नाही.

या गरजेवर वनस्पतिजन्य उपाय तेव्हा जगात होता. स्विस रसायनतज्ज्ञ जाक ब्रांडेनबर्गर यांनी 1908 च्या सुमारास सेलोफेन हा पारदर्शक कागद बनवला होता. त्यामागची व्हिस्कोस प्रक्रिया 1950 च्या दशकात उल्हासनगरला लागून असलेल्या शहाडलाही आली, ती सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात. या प्रक्रियेत लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून, पिळून, भुगा करून मुरवतात. त्यात कार्बन डायसल्फाइड मिसळले की तो नारिंगी होतो. मग सौम्य सोड्यात विरघळवून मधासारखा दाट द्राव करतात. हा द्राव आम्लाच्या कुंडात बारीक छिद्रांतून सोडला तर धागा मिळतो, चिंचोळ्या फटीतून सोडला तर सेलोफेनचा पट्टा. शहाडने धागा काढला. भारतात सेलोफेन बनले ते केरळच्या त्रावणकोर रेयॉन्समध्ये आणि बंगालच्या केसोराम रेयॉनमध्ये. कार्बन डायसल्फाइड ज्वालाग्राही आहे आणि मज्जासंस्थेला घातकही. त्यामुळे माल झाडापासून आला म्हणजे तो बनवणेही निर्धोक, असा समज चुकीचा आहे.

साध्या सेलोफेनमधून पाण्याची वाफ आरपार जाते. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या विल्यम हेल चार्च यांनी 1927 मध्ये लाखेसारखा थर देऊन ही उणीव भरून काढली, पण त्यामुळे खर्च वाढला. पॉलिथिन ओलावा अडवते, उष्णतेने सहज चिकटते आणि स्वस्त पडते. भारतात त्याचे उत्पादन 1959 मध्ये बंगालमधील रिश्रा येथे सुरू झाले, तेही उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहोलवर. म्हणजे देशातले पहिले पॉलिथिन वनस्पतिजन्यच होते आणि तरीही ते कुजत नव्हते. उगम आणि विघटन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इथे स्पष्ट दिसते. वनस्पतिजन्य वेष्टनांच्या आजच्या जाहिराती नेमका हाच फरक पुसून टाकतात.

1960 च्या दशकात मुंबईतील ट्रॉम्बे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात नाफ्थावर चालणारे प्रकल्प आले आणि प्लास्टिकचा दाणा हाकेच्या अंतरावर मिळू लागला. लहान कारखान्यांत दाणा वितळवून त्याचा उभा फुगा काढतात, तो थंड करून चपटा करतात, गुंडाळतात आणि कापून पिशव्या करतात. एका गाळ्यात बसणारे हे यंत्र उल्हासनगरच्या छोट्या उद्योजकाच्या आवाक्यात होते.

23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना तेव्हा रोपवाटिका, शेती, घनकचरा अशा मोजक्या कामांपुरतीच सूट होती. या पिशव्या मक्यासारख्या पिकाच्या स्टार्चपासून बनणारे पीएलए आणि बहुधा खनिज तेलापासूनच बनणारे, पण कुजणारे पीबीएटी यांच्या मिश्रणाच्या असतात. फुग्याचे जुने यंत्र थोड्या फेरफाराने त्यांनाही चालते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र मात्र लागते. आयएस 17088 या मानकाच्या कसोटीत 180 दिवसांत 90 टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते, तेही सुमारे 58 अंश तापमानाला. ओल्या कचऱ्यासोबत गोळा होऊन उष्ण कंपोस्ट प्रकल्पात पोचलेल्या पिशवीलाच ही उष्णता मिळते. वालधुनी नदीच्या पात्रात पडलेल्या पिशवीला ती मिळत नाही.